रंगपेटी : ‘हे तर गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र झालं’

या वेळी पत्रं बरीच आली, त्यातली चार घेतलीयेत. पहिल्या पत्रालाच अर्ध्याहून जास्त जागा गेली, बाकीच्यांनी राग मानू नका, त्या पोरीने सोबत चित्रांचे फोटो पाठवले होते आणि चित्रं समोर आली की मला आवरतं घेता येत नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी कोल्हापूरला पेंटिंगला आहे, थर्ड इयर. स्टिल लाईफ, हेड स्टडी, लँडस्केप सगळं करून झालं, मार्क पण बरे आहेत. पण आता सर विचारतात तुझं स्वतःचं काय, तुझी दिशा काय, आणि मला काहीच सांगता येत नाही. ऑइल जमतं पण मजा येत नाही. वॉटरकलर आवडतं, पण वर्गात अर्धे जण वॉटरकलरच करतात आणि सगळ्यांचा रंकाळा सारखाच दिसतो, माझा पण. इन्स्टावर रोज नवीन आर्टिस्ट बघते, आठवडाभर त्याच्यासारखं करते, मग परत दुसरा. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडं आमचं गुऱ्हाळ चालू झालं होतं, तिथं बसून एका वहीत थोडी चित्रं केली. ती एका सरांना दाखवली तर म्हणाले, हे तर गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र झालं, यात पेंटिंग कुठाय. तेव्हापासून ती वही बंदच आहे. बारा फोटो पाठवतेय, शेवटचे तीन त्या वहीतले. स्टाईल कशी शोधायची मॅडम? का मी चुकीच्या लाईनला आले?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : अगं, बारा फोटो आधी मोबाईलवर बघितले, मग भाच्याला बसवून मोठ्या स्क्रीनवर लावून घेतले, कारण शेवटच्या तिनाच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसत होतं आणि ते मला वाचायचं होतं.

पहिल्या नऊबद्दल आधी बोलते म्हणजे ते संपेल. रंकाळ्यावरची संध्याकाळ, पंचगंगेचा घाट, जोतिबाच्या पायऱ्या, आणि पावसात ओला रस्ता, छत्र्या, खाली दिव्यांची प्रतिबिंबं. हात चांगला आहे. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, स्वच्छ पडलाय, कुठे कुठे कोरड्या ब्रशने झाडाची पानं टेकवलीयेस तीही छान. पण ओल्या रस्त्याचं ते चित्र मी गेल्या वर्षभरात किती जणांकडून बघितलं असेल, शहराचं नाव तेवढं बदलतं. यात तुझी चूक काही नाही, डेमो बघून शिकलं की डेमोच हातातून येतो, मीही तशीच शिकले, फक्त आमच्या वेळी डेमो द्यायला एकच सर असायचे आणि आता मोबाईलमध्ये हजार असतात म्हणून गोंधळ जास्त.

आणि एक, रंकाळा सगळे करतात म्हणून तो करू नये असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावात आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होऊन गेले, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत कोल्हापूरला आले आणि कोटीतीर्थाच्या आसपासचा तोच परिसर, तेच पाणी, तीच झाडं वर्षानुवर्षं रंगवत राहिले, शाहू महाराजांचा आश्रय होता पण माणूस अगदी फकिरासारखा राहिला, १९३१ साली गेले. त्यांची चित्रं टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन बघ, फोटो काढायला नको, नुसती बघ. एकाच तळ्याकडे माणूस इतकी वर्षं बघतो तेव्हा ते तळं इतर कुणाच्या तळ्यासारखं राहत नाही. तू रंकाळ्यावर किती वेळा गेलीस? वर्गाबरोबर आउटडोअरला दोनदा-तीनदा ना? मग तो सगळ्यांसारखा दिसणारच.

आता ते तीन फोटो.

पहिल्यात काहीलीवर वाफ उठलीये आणि एक माणूस हातात लांब दांड्याचं काहीतरी घेऊन उभा आहे, कमरेच्या वर तो जवळजवळ गायबच. कडेला तू लिहिलंयस “काका वाफेत गेले”. दुसऱ्यात जळव्या चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सारतोय, पाठमोरा, आणि शेजारी “याला सगळे ओरडतात, हा कुणाला ओरडत नाही”. तिसऱ्यात एक बारकं पोरगं वाटी घेऊन बसलंय, काकवीची वाट बघत असणार, आणि तिथे एकच शब्द, “कधी?”

तो “कधी?” वाचून मी दोन मिनिटं हसत बसले होते.

रंकाळ्याच्या कडेला तू काही लिहिलेलं नाहीस. घाटाच्या नाही, छत्र्यांच्या नाही. बाराच्या बारा फोटोंत हात एकाच मुलीचा आहे, पण या तीन ठिकाणी तुला चित्राशेजारी शब्द लिहावेसे वाटले, कुणी सांगितलं नव्हतं, सबमिशन नव्हतं, तरी लिहिलेस. तू स्टाईल कशी शोधायची विचारतेस, मी म्हणते आधी हे बघ की तुझा हात आपणहून गोष्ट सांगायला कुठे लागतो. दिशा दिशा म्हणून जे सर विचारतायत ते तिथे आहे, वहीत, आणि तू ती वही बंद करून ठेवलीस.

त्या सरांचं वाक्य मला फार आवडलं बघ. त्यांनी ते टोमणा म्हणून मारलं असेल, पण नजर अगदी बरोबर पडली त्यांची. गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र झालं, हो, झालं! मग पुस्तक करायचं की. आपल्याकडे कॉलेजात ही एक जुनी उतरंड आहे, वर पेंटिंग, खाली इलस्ट्रेशन, त्याच्याही खाली कॅलेंडर आणि पाठ्यपुस्तक. पण महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या घरात चित्र शिरलं ते कुठून? गॅलरीतून नाही शिरलं. दीनानाथ दलाल जे.जे.तून शिकलेले, मडगावचे, त्यांनी १९४५ ला स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला आणि लोक दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कापून फ्रेम करून भिंतीवर लावायचे, आमच्या आत्याकडे होतं तसं एक, फ्रेमची काच तडकली तरी काढलं नव्हतं. तिकडे चित्रकार रघुवीर मुळगावकर. त्यांनी काढलेल्या बायका, देव, राजेरजवाडे घराघरात होते.

त्याच्याही मागे जायचं तर पुण्यात १७९० च्या दशकात गंगाराम तांबट नावाचे चित्रकार होते, ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काम करायचे. त्यांनी वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. तो कागद आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. म्हणजे समोर जे आहे ते कागदावर पाण्याच्या रंगात नोंदवून दुसऱ्याला दाखवायचं, सांगायचं, हे आपल्याकडे नवीन नाही आणि हलकं तर अजिबात नाही. पेंटिंग कुठाय म्हणून कुणी विचारलं की गेंड्याकडे बोट दाखव.

बरं, आता कामाचं. गुऱ्हाळ आणि जलरंग यांचं इतकं जमतं की मला तुझा हेवा वाटतोय, कारण तिथे दोनच गोष्टी आहेत, वाफ आणि जाळ, आणि दोन्ही जलरंगात काढायच्या नसतात, सोडायच्या असतात. तुझ्या पहिल्या चित्रात वाफ चुकलीये. तू करडा रंग घेऊन वाफ रंगवलीस म्हणून ती धुरासारखी, जरा मळक्या कापसासारखी दिसते. वाफ म्हणजे कोरा कागद. मागचा अंधार रंगवायचा आणि तो वाफेच्या कडेला येताना कागद ओला ठेवायचा म्हणजे कड आपोआप विरते, आणि काकांच्या खांद्याशी मात्र एकच कड कोरडी, कडक ठेव, नाहीतर माणूस खरंच जाईल वाफेत. रंग ओला असतानाच टिश्यूने किंवा पिळलेल्या ब्रशने थोडा उचलूनही घेता येतो, पण त्यासाठी आधी कुठला रंग कागदाला चिकटतो आणि कुठला सुटतो ते माहीत पाहिजे. अल्ट्रामरीन निळा बऱ्यापैकी उचलला जातो, थॅलो ब्लू हा दुसरा निळा एकदा बसला की बसला, धुतलं तरी डाग राहतो. तुझ्या अंधारात थॅलो असावा असं वाटतंय, फार थंड आणि दुकानातल्यासारखा निळा दिसतोय. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळून अंधार कर, कधी निळसर कधी तपकिरी, हवा तसा झुकवता येतो आणि गुऱ्हाळाच्या काजळीला तोच शोभतो.

जाळाचं पण तेच. चुलवाणाच्या तोंडाशी तू शेवटी वरून पिवळा लावायला गेलीस आणि तो मातकट झाला. पिवळा आधी पाहिजे, सगळ्यात आधी, जिथे जिथे उजेड पोचतो तिथपर्यंत, जळव्याच्या कानाच्या कडेपर्यंत, मग वाळू दे, पूर्ण वाळू दे, मग नारिंगी, मग तांबूस, मग काळोख. हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र आठवतंय का, ‘ग्लो ऑफ होप’, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, अर्ध्या लोकांना ते रविवर्म्याचं वाटतं आणि सगळ्यांना ते ऑइल वाटतं. रविवर्मा १९०६ लाच गेले, हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, मॉडेल त्यांचीच मुलगी. आणि ते जलरंगात आहे! बोटांतून जो उजेड गळतो ना तो वरून लावलेला नाही, आधी राखून ठेवलेला आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वॉचमन बाहेर काढेपर्यंत तिथून हलले नव्हते.

मला तुझ्या विषयात सगळ्यात भारी काय वाटलं सांगू, रंग. उसाचा रस कसा हिरवट करडा असतो, मग उकळी आली, भेंडीचा चीक घातला, मळी काढली की पिवळसर, मग सोनेरी, मग तांबूस, आणि शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, पाण्यात थेंब टाकून गोळी होतीये का बघतो आणि मग सगळी धावपळ, काहील उतरव, गूळ थंड करायच्या वाफ्यात ओत. एका आधणाला दोन-तीन तास तरी जातात. म्हणजे पुस्तकाचं घड्याळ तुला आयतं मिळालंय. पहिल्या पानावर हिरवट करडा, शेवटच्या पानावर गूळ, मधे एकेक पान तापत जाणार, आणि खालच्या कोपऱ्यात ते वाटीवालं पोरगं प्रत्येक पानावर. कधी? अजून नाही. कधी? अजून नाही. शब्द फार लागणारच नाहीत.

तर आता असं कर. पुढच्या सुट्टीची वाट बघू नको, हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत असतो ना तुमच्याकडे, शनिवार-रविवार गावी जा. सोबत चारच रंग ने, गॅम्बोज, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, बाकीचा डबा होस्टेलवर राहू दे. पोस्टकार्डाएवढे कागदाचे तुकडे कर, तीस-चाळीस, आणि तिथे बसून फक्त तेच काढ. चांगली यायला पाहिजेत असं काही नाही. काकांचा हात झाऱ्यावर नेमका कुठे असतो, जळव्या कुठल्या पायावर भार देतो, चिपाडं ओली असली की काय होतं, गुळव्याला कसं कळतं की झालं, आवाजावरून की बुडबुड्यावरून, हे विचार, लिही, कडेला लिहीत जा, ते लिहिणं सोडू नको. इन्स्टा तेवढे दिवस बंद ठेवलंस तर बरं, पण ते मी सांगून होणार नाही हे मला माहितीये.

मग डमी. जुन्या रद्दीचे कागद दुमडून चोवीस पानांची छोटी वही शिव. पुस्तक आठाच्या पटीत छापतात, सोळा, चोवीस, बत्तीस, कारण मोठा कागद घडी घालून कापतात, त्यामुळे एकवीस पानांचं पुस्तक कितीही सुंदर सुचलं तरी उपयोग नाही. शीर्षक, माहितीचं पान वगैरे जाऊन तुझ्या हातात दहा-अकरा जोडपानं उरतील. प्रत्येक जोडपानावर नखाएवढी माणसं काढून बघ, कुठे लांबून, कुठे अगदी जवळ, कुठे नुसता बुडबुडा. अजून रंग नाही. पानं उलट आणि घरातल्या एखाद्या चार-पाच वर्षांच्या पोराला दाखव. ते पान उलटायला स्वतः हात पुढे करतंय का तेवढंच बघ.

आणि शिवणीकडे लक्ष ठेव गं बाई. माझ्या पहिल्या पुस्तकात मी एक कोंबडी जोडपानाच्या बरोब्बर मधोमध काढली होती, चांगली डौलदार, तीन दिवस घालवले होते तिच्या पिसांवर, आणि पुस्तक बांधून आलं तेव्हा तिचं डोकं शिवणीत गेलेलं. वर त्याच पुस्तकातल्या मुलाचा सदरा सातव्या पानावर हिरवा आणि नवव्यावर निळा. संपादकांनी दोन्हीकडे काणाडोळा केला की त्यांनाही दिसलं नाही देव जाणे, पण एका शाळेत कार्यक्रमाला गेले तर पहिलाच प्रश्न, “कोंबडीला तोंड का नाही?” म्हणून म्हणते, महत्त्वाचं काही मधोमध नको, कडेला कापायला तीन मिलिमीटर जास्तीचं रंगवून ठेव, मजकुराला शांत जागा सोड, आणि काका, जळव्या, पोरगं या तिघांचे कपडे, उंच्या, नाकं एका कागदावर पक्की करून भिंतीला लाव. मूळ चित्र ३०० जीएसएमच्या कॉटन पेपरवर कर, वहीतला कागद इतक्या पाण्याला टिकत नाही, तुझ्या तिसऱ्या चित्रात पोराच्या गुडघ्यापाशी कागदाची साय निघालेली दिसतेच आहे.

कॉलेजात काय सांगायचं? पुस्तक करतेय असं सांगून भांडण ओढवून घेऊ नको, एकाच विषयावरची आठ-दहा जलरंगांची मालिका करतेय म्हण, ते खोटं नाही. भिंतीवर ओळीने लाव, हिरवटापासून गुळापर्यंत. ज्युरीवाले आधी लांबून रंग बघतील आणि मग जवळ येऊन पोरगं शोधायला लागतील. पुढे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात एम.डेस. ही मास्टर्सची पदवी आहे, त्यासाठी सीड ही परीक्षा असते, जानेवारीत होते, आणि तिथे गोष्ट सांगणाऱ्या हाताला कुणी नाक मुरडत नाही. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मोफत वाचायला पुष्कळ चित्रपुस्तकं आहेत, ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक बघ, बालभारती १९७१ पासून काढतंय.

स्टाईलचं राहिलंच ना. तीस तुकडे झाले की जमिनीवर पसर, फोटो काढ आणि मला पाठव, मग बोलू. चुकीच्या लाईनला आलीस का, याचं उत्तर मी त्या वाटीवाल्या पोरावर सोडलंय.

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, मार्क चांगले आहेत, पण तिला जलरंगात चित्रं काढून पुस्तकांसाठी काम करायचं आहे, फाइन आर्टच्या सीईटीचा फॉर्म भरायचा म्हणते. यात पोट भरतं का? शिवाय आता एआय आलं, मिनिटात चित्र करतं. एक बाप म्हणून काय करावं?
(एक पालक, लातूर)

उत्तर : नमस्कार. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळच सांगते, नुसत्या पुस्तकांच्या चित्रांवर घर चालवणारी माणसं माझ्या ओळखीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीचे आम्ही सगळे जोडीला काहीतरी करतो, कुणी शाळेत शिकवतं, कुणी ॲनिमेशनसाठी मागची दृश्यं रंगवतं, कुणी पॅकिंगची डिझाइनं करतं, कुणी सुट्टीत वर्कशॉप घेतं. वसंत सरवटे यांची पुस्तकांतली चित्रं तुम्ही नक्की बघितली असतील, ते इंजिनिअर होते आणि सिमेंट कंपनीतली नोकरी करून त्यांनी ती काढली. त्यामुळे सायन्स केलं म्हणजे वाया गेलं असंही नाही आणि आर्टला गेली म्हणजे बुडाली असंही नाही. सीईटी देऊ द्या. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन असे पेपर असतात, तयारी करताना रोज दोन तास बसते का, की आठवड्यात कंटाळते, ते तुम्हालाच दिसेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

एआयचं म्हणाल तर फटका बसलाय, कशाला नाकारू. स्वस्तातली मुखपृष्ठं, दुकानांची पोस्टरं, यातलं बरंच काम गेलं. पण वरच्या पत्रातली मुलगी वाचलीत ना, तिच्या जळव्याला सगळे ओरडतात आणि तो कुणाला ओरडत नाही, हे गुऱ्हाळावर बसल्याशिवाय कुणाला कळणार? ज्याला काही सांगायचं आहे त्याचं काम राहील असा माझा अंदाज आहे, अंदाजच हं, पैज लावणार नाही.

बाप म्हणून एक गोष्ट मात्र तुम्ही करू शकता जी आम्हाला कुणी शिकवली नाही, तिला करार वाचायला शिकवा. चित्र काढणारा हाच त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक असतो, नोकरीत किंवा पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलं असेल तर गोष्ट वेगळी असू शकते, म्हणून आधी लेखी ठरवून घ्यायचं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मी विशीत असताना एका प्रकाशकाला “सर्व हक्क कायमचे” लिहून दिलं होतं, न वाचता, चहा पिता पिता. ती चित्रं पुढे तीन पुस्तकांत आणि एका बिस्किटाच्या डब्यावर आली, मला एक रुपया मिळाला नाही आणि डबासुद्धा विकत घ्यावा लागला.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीला असते. पावसाळ्यात रंग वाळतच नाही, कागद फुगतो, आणि यंदा तर महागाच्या कागदावर रंग लावला की बारीक बारीक गडद ठिपके पडायला लागले. कागद खराब लागला का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लागला नाही, झाला. जलरंगाच्या कागदाला सरस दिलेला असतो, बऱ्याचदा जिलेटिनचा, त्यामुळे रंग वर तरंगतो आणि आपल्याला हलवायला वेळ मिळतो. दमट हवेत तो सरस जागोजागी मरतो, बुरशी धरते, आणि जिथे मेला तिथे रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो, तेच तुमचे ठिपके. त्यावर उपाय नाही, तो गठ्ठा आता पेन्सिलीला किंवा पोस्टर कलरला वापरून टाका. यापुढे मे महिन्यातच कागद जाड प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. भिंतीला टेकून कपाटात नको, कोकणातली भिंत पावसाळ्यात पाणी पिते. कागद फुगतो त्याला, आधी दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर गमटेपने, म्हणजे डिंकाच्या कागदी पट्टीने, ताणून वाळवायचा, तुमच्याकडे त्याला रात्र पुरणार नाही, दोन दिवस धरा. हेअर ड्रायर चालतो पण लांबून. रंगाची डबी ओली असताना बंद करू नका, नाहीतर गणपतीत उघडाल तेव्हा आत लव आलेली असेल.

आणि वाळत नाही म्हणून रडण्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडायचं, काम करून घ्या ना, आम्ही देशावर उन्हाळ्यात स्प्रे मारमारून जो ओलावा टिकवायला धडपडतो तो तुम्हाला फुकट मिळतोय.

प्रश्न : जलरंगात पांढरा रंग वापरणं चीटिंग आहे का? ग्रुपमध्ये यावरून भांडण झालंय.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. कागदाचा पांढरा सोडता येतो तिथे सोडावा कारण तो जास्त उजळ दिसतो, पण मांजराची मिशी, पावसाची रेघ, दुधाची धार हे सोडत बसलात तर आयुष्य जाईल, तिथे अगदी शेवटी व्हाइट गॉशने, म्हणजे अपारदर्शक पांढऱ्या रंगाने, एक रेघ मारा आणि मोकळे व्हा. दुसऱ्या रंगात मात्र तो कालवू नका, सगळं खडूसारखं होतं. छपाईसाठी स्कॅन करणार असाल तर एकदा तपासा, कागदाचा पांढरा आणि ट्यूबचा पांढरा स्कॅनरला वेगवेगळे दिसू शकतात. आणि त्या ट्यूबचं झाकण वापरून झाल्यावर लगेच लावा, माझ्या दोन वाळून दगड झाल्यात.